एक्केचाळीस नंबर हिरवा

संपादकबाईंचा फोन आला. "ताई, तुमच्या कामावर लिहा. पण जरा हलकंफुलकं हं, दिवाळीचा अंक आहे." मी म्हटलं, "बाई, माझं काम काय होतं ठाऊक आहे ना? कुणाच्या मनात जीव द्यायचं येतंय का, ते मनगटावरच्या यंत्रावरून ओळखायचं आणि धावत जायचं."  मग बाई म्हणाल्या, "बरं, जमेल तेवढं हलकं लिहा."

तर लिहिते. गंमत अशी की त्या कामात मी जेवढी हसले तेवढी छत्तीस वर्षांच्या नर्सच्या नोकरीत हसले नव्हते. उपकेंद्रातली नर्स मी. बेलापूर ते देवळाली प्रवरा या पट्ट्यात माझी सुई न लागलेला दंड शोधून सापडायचा नाही. मला पाहून अजूनही चांगले मिशाळ पुरुष बाहीवर हात ठेवतात. निवृत्त झाले त्याच वर्षी एका वैद्यकीय महाविद्यालयाचा प्रकल्प आमच्या भागात आला, आणि त्यांना घराघरात ओळख असलेलं माणूस हवं होतं. मुलगा म्हणाला, "आई, आता आराम कर, गुडघे बघ." मी ऐकलं नाही, त्याला कारण होतं. नोकरीत असताना मी एका घरी तापाच्या गोळ्या द्यायला गेले होते. ती बाई ओट्यावर गप्प बसली होती. मी गोळ्या दिल्या, कधी घ्यायच्या ते सांगितलं आणि निघाले. चार दिवसांनी ती गेली, स्वतःच गेली. ताप तिचा नव्हताच, मुलाचा होता. तिच्याकडे मी धड बघितलंसुद्धा नव्हतं. ते मला अजून खातं. म्हणून मी प्रकल्पाला हो म्हटलं.

आता यंत्राबद्दल. काळ्या रबरी पट्ट्याचं मनगटी घड्याळ. त्याच्या पोटाला हिरवा दिवा, तो कातडीवर उजेड टाकून नाडी मोजतो. शिवाय घाम, अंगाची ऊब, हालचाल, झोप सगळं घड्याळ टिपतं. फक्त एक गोष्ट ते दाखवत नसे, ती म्हणजे वेळ. लोकांना हेच पटेना. "येळ दाखवत न्हाई, त्ये कसलं घड्याळ?" असं प्रत्येक घरी ऐकून घ्यावं लागलं. एका आजोबांनी तर ते मला परत दिलं, म्हणाले, "बिघडलंय, दुसरं द्या."

हे सगळं टिपलेलं जायचं श्रीरामपूरच्या आमच्या छोट्या ऑफिसात, मृण्मयीच्या कॉम्प्युटरवर. मृण्मयी पुण्याची इंजिनियर, तिशीची, हुशार, आणि तिखट खाल्लं की रडणारी. मला वाटायचं कॉम्प्युटरला सगळं येतं. ती म्हणाली, "ताई, त्याला काहीच येत नाही. आपण शिकवायचं." शिकवायचं कसं, तर दर पंधरा दिवसांनी मी प्रत्येकाला एक प्रश्नावली विचारायची. माणसाने काय सांगितलं आणि त्याच्या घड्याळाने काय टिपलं, हे दोन्ही कॉम्प्युटरला शेजारी शेजारी दाखवायचं. असं पुष्कळ माणसांचं दाखवलं की त्याला हळूहळू समजतं, कसली झोप आणि कसली नाडी असली की माणूस आतून खचलेला असतो. मग तो नुसत्या घड्याळावरून अंदाज करतो आणि पडद्यावर नावापुढे रंग दाखवतो. हिरवा म्हणजे ठीक. पिवळा म्हणजे या आठवड्यात भेटा. लाल म्हणजे आजच्या आज जा. हिरव्याकडे जाऊ नका असं कुणी म्हटलं नव्हतं. पण साठ घड्याळं, एक स्कूटी आणि माझे दोन गुडघे, त्यात ते आपोआप तसंच होऊन बसलं.

प्रश्नावलीत शेवटचा प्रश्न सरळ होता. गेल्या पंधरा दिवसांत जगणं नको असं वाटलं का? आम्हाला शिकवलं होतं, आडून विचारू नका, विचारल्याने कुणाच्या डोक्यात नसलेलं शिरत नाही. मी विचारायची. एक काकू म्हणाल्या, "रोज वाटतं, जेवन झालं की जातं." एकाने बायकोकडे बोट दाखवून "हिला विचारा" म्हटलं. बायको म्हणाली, "मला न्हाई वाटत, ह्यास्नी बघून वाटतं." यातलं काय कॉम्प्युटरला सांगायचं आणि काय नाही, यावर माझी नि मृण्मयीची दुपारभर चर्चा चाले.

पहिला मोठा गोंधळ झाला तो मंगळवारचा. बेलापूरच्या चांगुणाबाईंचं घड्याळ लाल झालं. नाडी भरधाव, घाम, अंग तापलेलं. मी स्कूटी पळवत गेले. घरात पंधरा-वीस बायका, उदबत्तीचा धूर आणि मधोमध चांगुणाबाई केस मोकळे सोडून घुमतायत. दर मंगळवारी त्यांच्या अंगात देवी येते हे मला ठाऊक होतं, पण लाल दिव्याच्या धसक्यात वार कुठे लक्षात राहतोय. आमच्या घरी बाबासाहेबांचा फोटो, देवी-देवस्कीशी आमचा संबंध नाही. तरी मी बाजूला उभी राहिले. देवीने मला पाहिलं. "आलीस का गं नर्स? ह्ये हातातलं काढ, टोचतंय!" मी पुढे होऊन पट्टा एक भोक सैल केला. देवी शांत झाली.

रिपोर्टमध्ये लिहिलं, "व्यक्ती सुखरूप. देवी आली होती." संध्याकाळी मृण्मयीचा फोन, "ताई, ही देवी कोण? आपल्या यादीत नाहीये." तिला समजावून सांगेपर्यंत उशीर झाला होता, कारण आणखी चार घड्याळवाल्या बायकांच्या अंगात मंगळवारीच येत होतं आणि कॉम्प्युटर त्यावरून शिकून बसला होता की मंगळवार हाच मुळात जिवाला धोक्याचा वार. एका मंगळवारी त्याने गावचा पोस्टमन, दोन शिक्षक आणि एक ठार निवांत पानवाला असे सगळे लाल केले. मी पानवाल्याकडे पोचले तर तो म्हणाला, "काय झालंय मला?" मी म्हटलं, "मंगळवार."

दुसरी गोष्ट शिंगणापूरची. तिथेही आमची सहा घड्याळं होती. तिथला एक दुकानदार, तेल आणि रुईच्या पानांच्या माळा विकणारा. एके दिवशी त्याच्या नावापुढे लाल, आणि खाली ‘नाडी नाही’.  फोन लावला तर उचलेना. स्कूटीवरून शिंगणापूर म्हणजे पाठीचा भुगा, पण गेले. आता आमच्या मोबाईलमधल्या फॉर्मची गंमत ऐका. तिथे पहिला प्रश्न होता, ‘दार वाजवले का?’ हो दाबल्याशिवाय पुढचं पानच उघडत नसे. ज्याने हा फॉर्म केला त्याने शिंगणापूर पाहिलं नव्हतं. दार असेल तर वाजवणार ना! छत्तीस वर्षांत मी खोटी नोंद केली नाही. म्हणजे एक-दोन केल्या असतील, पण दारावरून नाही. मी चौकटीबाहेरचा तेलाचा रिकामा डबा तीनदा वाजवला आणि हो दाबलं.

"कोन डबा वाजवतंय त्ये?" आतून आवाज आला. मला रडूच कोसळलं. माणूस धडधाकट, गिऱ्हाइकांना तेल मोजून देत होता. हात कोपरापर्यंत तेलाने माखलेले, घड्याळ त्यात नाहून निघालेलं. तेलाच्या थराखालून त्या हिरव्या दिव्याला नाडी दिसेल कशी? फोन का उचलला नाही, तर हात तेलकट होते. मी त्याला मनसोक्त झापलं आणि त्याने मला मनसोक्त चहा पाजला.

या धावपळीचा एक परिणाम असा झाला की नर्सबाई आल्या म्हणजे कुणाचं तरी लाल आलं, हे गावोगाव माहीत झालं. मी गल्लीत शिरले की शेजारणी दारात. "कुनाचं वो? कुनाचं लाल?" मग घड्याळवाल्यांना लाज वाटायला लागली. एक सासूबाई सुनेशी भांडण काढायच्या आधी घड्याळ सोडून खिडकीत ठेवायच्या, भांडण झालं की पुन्हा बांधायच्या. आणि माझे गुडघे तर सगळ्या पट्ट्याच्या काळजीचा विषय. स्कूटीवरून उतरताना मी "आई गं" म्हणते, ते ऐकून माणसं हळहळायची. इथली माणसं पाहुण्याला उन्हात बोलावणं पाप समजतात. त्याचं पुढे काय झालं ते आता सांगते.

एक्केचाळीस नंबर म्हणजे रंगनाथआबा. देवळाली प्रवरात राहणारे, विजेच्या खात्यातून निवृत्त झालेले वायरमन. गावातल्या प्रत्येक घरात त्यांनी कधी ना कधी उजेड आणलेला. विनोदी माणूस. माझ्या शेवटच्या प्रश्नावर म्हणायचे, "बाई, वरच्या लाइनीवर एवढी वर्षं काम केलं, वरचं बोलावनं आलं न्हाई. आता आपनहून कशाला जायचं?" त्यांची बायको शांताकाकू वर्षभरापूर्वी वारली होती, मुलगी संगमनेरला सासरी. आबा एकटे. सुरुवातीचा एक महिना त्यांचं घड्याळ पिवळं होतं. मी दर आठवड्याला जायची. मग पोळ्याच्या सुमारास ते हिरवं झालं ते असं की विचारू नका. गाढ झोप, संथ नाडी, कुठे चढ नाही की उतार नाही. मृण्मयी म्हणायची, "ताई, आबा म्हणजे आदर्श आहेत. मी कॉम्प्युटरला सांगितलंय, बरा माणूस असा असतो." मलाही वाटलं, सावरले बिचारे. मी जायची थांबले, प्रश्नावलीही फोनवरच विचारायला लागले. दर शनिवारी त्यांच्या घरापासून तीन गल्ल्यांवर पिवळ्यांकडे चहा प्यायले, पण आबांकडे वळले नाही.

दिवाळीच्या पुढच्या आठवड्यात मृण्मयीने मला ऑफिसात बोलावलं. तिचे डोळे चमकत होते. पेढे आणले होते. "ताई, शोध लागलाय!" तिने पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. एक एक्केचाळीस नंबरची, म्हणजे आबांची. दुसरी सतरा नंबरची, म्हणजे सोपानची. सोपान हा गावच्या पाण्याच्या टाकीचा वॉचमन, आबांचा दोस्त. दोन्ही रेघा सारख्या. ठोक्याला ठोका. "दोन मित्रांची हृदयं एकाच ठेक्यात चालतात, ताई! जगात कुणी हे दाखवलं नसेल. मी यावर शोधनिबंध लिहितेय. मैत्रीचा नाडीवर परिणाम."

मला भरूनच आलं. आमच्या देवळालीचे दोन म्हातारे, आणि विज्ञानात नाव! मी पेढा तोंडात टाकला. "रोज सकाळी चहा एकत्र घेतात ना दोघं," मी म्हटलं.

"झोपतातही एकत्र. दुपारी सव्वाबारा, मिनिटाला मिनिट."

"आणि उठतात?"

"दोघंही संध्याकाळी पाचला. एकदम दचकून."

पाचला सोपान उठतो, कारण पाचला पाणी सोडायचं असतं. उशीर झाला तर गावातल्या बायका हंडे घेऊन टाकीवर येतात, म्हणून दचकून. पण आबा का दचकतील? आबांना कुठे पाणी सोडायचंय?  सोपानचा ठोका आबांच्या घड्याळात होता. मग आबांचा ठोका कुठे होता?

मृण्मयीला मागे बसवून मी स्कूटी हाणली. दुपारचे तीन वाजले असतील. टाकीच्या सावलीत बाजेवर सोपान उताणा झोपला होता, दोन्ही हात छातीवर, आणि दोन्ही मनगटांवर घड्याळ.

"सोपान! ऊठ! हे कुणाचं?"

"डावं माजं," तो डोळे चोळत म्हणाला. "उजवं आबाचं."

"तू का घातलंस?"

"आबा म्हनलं, मला झोप येत न्हाई, माजं लाल हुईल. मग त्या बाई उन्हात येत्याल, गुडघं दुखत्यात त्यांचं. तुजी झोप लई झाक हाय, तू घाल. पोळ्यापास्नं घालतोय की." मग जरा अभिमानाने म्हणाला, "एक दिस काढलं न्हाई, बाई. आंघुळीला बी न्हाई."

 मी मृण्मयीला म्हटलं, "सोपानला घेऊन मागनं ये." पोळ्यापासून, म्हणजे दोन महिने. दोन महिने आमचा कॉम्प्युटर सोपानला झोपताना बघत होता आणि आबांकडे कुणीच बघत नव्हतं. तीन गल्ल्यांचं अंतर, तरी मी ॲक्सिलेटर पूर्ण पिळला. ओट्यावर गप्प बसलेली ती बाई सारखी डोळ्यांपुढे येत होती.

आबा ओट्यावर होते. दिसले तेव्हा मला खोल श्वास घेता आला. त्यांनी सगळी हत्यारं पुढ्यात मांडली होती. पक्कड, टेस्टर, खांबावर चढायचा पट्टा. प्रत्येकाला काळी चिकटपट्टी लावून त्यावर खडूने नाव लिहिलेलं. पकडीवर कुणा वायरमनचं, टेस्टरवर सोपानचं. एका जुन्या लांब बॅटरीवर, शहरात टॉर्च म्हणतात ती, माझं. ‘नर्सबाई. सेल नवे.’

"हे काय, आबा?"

"आवरतोय. पडून गंजायचं त्याच्यापरीस कुनाला कामी आलं तर बरं."

आवराआवर मी पुष्कळ पाहिली आहे. ही तशी नव्हती. मी "आई गं" म्हणत त्यांच्याशेजारी बसले आणि विचारलं, "आबा, जीव द्यायचं मनात येतंय का?"

ते हसले. "तुमचा कागद कुठाय?"

"घरी राहिला. असंच विचारतेय."

बराच वेळ ते पट्ट्याचं बक्कल उघडझाप करत राहिले. तोंडावरचं हसू कुठे गेलं ते कळलं नाही. "येतंय," ते म्हणाले. "शांता गेल्यापास्नं झोपच न्हाई, बाई. आदी कुनाची लाइट गेली की हाका मारायचे, आबा या, आबा या. आता कुनी हाकच मारत न्हाई. मी हाय काय आन न्हाई काय."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमाला उन्हात यावं लागलं असतं."

खरं सांगते, शिकवणीत असं लिहिलं होतं की शांतपणे ऐकून घ्या. मी शांत राहिले नाही. "छत्तीस वर्षं उन्हातच फिरले मी! या गुडघ्यांचं काय लोणचं घालायचंय मला? कशासाठी ठेवलेत ते?" एवढं ओरडले आणि रडायला लागले. आबा घाबरले. आत जाऊन माझ्यासाठी पाणी घेऊन आले. मी पाणी प्यायले आणि मग ते रडायला लागले. तेवढ्यात सोपान नि मृण्मयी पोचले. आम्हा दोघांना पाहून सोपानने दोन्ही घड्याळं काढली आणि हमसून म्हणाला, "माजं चुकलं, मी लई झोपलो."

मग सगळं रीतसर झालं. आम्ही आबांना एकटं सोडलं नाही. मृण्मयीने आमच्या डॉक्टरांना फोन लावला, मी मुलीला. संध्याकाळी मुलगी आली. दुसऱ्या दिवशी दवाखाना, औषधं, दर आठवड्याला डॉक्टरांशी बोलायला जाणं. सोपानने आपली बाज आबांच्या ओट्यावर आणून टाकली आणि आबांच्या काळजीने कूस बदलत राहायला लागला. आठ दिवसांनी पडद्यावर सतरा नंबर पिवळा झाला. जन्मात पहिल्यांदा सोपानची झोप उडाली होती.

मृण्मयीने निबंध फाडला. कॉम्प्युटरला दोन महिन्यांचं शिकलेलं विसरायला लावलं. तिला वाईट वाटत होतं. मी म्हटलं, "अगं, एक माणूस दुसऱ्यासाठी दोन महिने नेमाने झोपला, यावर लिही की." तिने नाही लिहिलं. पण फॉर्ममध्ये ‘दार वाजवले का’च्याही आधी एक नवा प्रश्न आला, ‘घड्याळ कुणाच्या हातात आहे?’ आणि शनिवारी मी आधी हिरव्यांकडे जायला लागले. यंत्राला मी नावं ठेवत नाही. पुष्कळदा त्याने मला बरोबर दारात नेलं. पण आत जाऊन बघायचं काम त्याचं नव्हतं, माझं होतं. आणि वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात आबांसारखं येत असेल, तर कुणाला तरी सांगा. डॉक्टरांना सांगा, घरच्यांना सांगा. समोरच्याच्या गुडघ्यांची काळजी तुम्ही करू नका.

आबा आता स्वतःचं घड्याळ स्वतः घालतात. कधी हिरवं असतं, पुष्कळदा पिवळं. पिवळं दिसलं की मला उलट बरं वाटतं, ते आबांचं असतं.

ती बॅटरी मी त्याच दिवशी उचलली होती. म्हटलं, "ही माझी म्हणून लिहिलीत ना? नेते. पण सेल मला बदलता येत नाहीत, ते तुम्हीच बदलून द्यायचे." आबांनी मान डोलावली होती. ती स्कूटीच्या डिकीत असते, मी ती कधीच लावत नाही. तरी परवा भर उन्हात गेले, "आई गं" म्हणत उतरले आणि बॅटरी त्यांच्या पुढ्यात ठेवली.

"आबा, सेल बदलायचेत."

त्यांनी बटण दाबून पाहिलं. "चांगली जळती की वो अजून."

"तरी बदला," मी म्हटलं.